एका दमातला अर्ज

कचेरीपुढच्या लिंबाची सावली चार जणांना पुरेल एवढी ऐसपैस होती, पण पुंजाराम अर्जनवीसाचं मन काही तेवढं ऐसपैस नव्हतं. बाजाराच्या दिवशी सकाळी सतरंजी काखोटीला मारून तो आला आणि बघतो तर लिंबाच्या पलीकडच्या अंगाला टेबल, दोन खुर्च्या, एक बाक आणि बुंध्याला पाटी: 'गोरगरिबांसाठी मोफत कायदा सल्ला. विधी महाविद्यालयाचे विद्यार्थी.' नगरहून पहिल्या एस.टी.नं आलेली दोन पोरं खुर्च्यांवर बसली होती. मुलीचं नाव अश्विनी, मुलाचं सम्राट.

"पाटीचा खिळा माझा हाय," पुंजाराम म्हणाला. "पिशवी अडकवायला ठोकलेला."

"असू द्या काका, आम्ही काढत नाही," अश्विनी गोड हसून म्हणाली. तिच्या त्या गोड हसण्यानंच पुंजारामचा पहिल्यांदा जळफळाट झाला.

तसा तो लहानसहान माणूस नव्हता. त्याचा अर्ज म्हणजे एकच वाक्य असे. 'विनंती अर्ज ऐसाजे की' इथून सुटलेली लेखणी दोन पानं पालथी घालून थेट 'कळावे' ला थांबे. मधे टिंब नाही, स्वल्पविराम नाही. "लेखणी उचलली की अर्जाचा जोर जातो," असं त्याचं म्हणणं. लिहून झाला की तो अर्ज एका दमात, खड्या आवाजात वाचून दाखवी. लोकांना त्यातलं काही कळत नसे, पण त्याच्या गळ्याच्या शिरा फुगलेल्या बघून आपलं काम होणार असं त्यांना वाटे.

आता तेच लोक "रामराम भाऊ" एवढं चालता चालता म्हणत आणि पलीकडच्या बाकावर जाऊन बसत. ती पोरगी प्रत्येकीला मावशी म्हणे आणि गाऱ्हाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकून घेई. पुंजारामनं बावीस वर्षांत कुणाचं गाऱ्हाणं दोन वाक्यांपुढं जाऊ दिलं नव्हतं. तिसऱ्या बाजारी तर कहर झाला. ज्या बायडाबाईचे अर्ज त्यानं सासू-सुनांच्या भांडणापासून लिहून दिले होते, ती अश्विनीसाठी फडक्यात बांधून गरम भाकरी आणि ठेचा घेऊन आली. पुंजारामला आजवर कुणी भाकरीचा पापुद्रासुद्धा दिला नव्हता. त्या दिवशी घरचा डबा त्याच्या घशाखाली उतरेना.

अशा वेळी कडूबाई दिसली आणि त्याच्या डोक्यात दिवा पेटला. ही विधवा बाई. लेक आणि जावई ऊसतोडीला गेलेले, ही घरी एकटी. आठ महिन्यांपासून तिचं रेशनकार्ड बंद होतं. दुकानदार धान्य देईना, रॉकेल देईना. घरात संध्याकाळी दिवा नाही. पुंजारामनं तिला एकूण चार अर्ज लिहून दिले होते. चारही कचेरीत गेले ते गेलेच. कडूबाई मात्र दर बाजारी परत येई आणि त्याच्या सतरंजीवर ठाण मांडून बसे.

"कडूबाई, तिकडं जा," तो म्हणाला. "ती वकील होनार हाय. तुजं काम तीच करंल."

ती तिकडं गेल्यावर त्यानं चहावाल्या सहादेवला डोळा घातला. "आता बघ गंमत. ह्या बाईपुढं मी थकलो, तितं ती पोरं काय टिकत्यात! सांजच्या गाडीनं टेबल उचलून जात्याल."

कडूबाईनं स्वतःच्या लग्नापासून सुरुवात केली. दीड तास झाला तरी नवरा अजून जिवंतच होता. पुंजारामला गुदगुल्या होत होत्या. पण नवरा वारल्यावर कार्ड स्वतःच्या नावावर करायला अर्ज दिला, तेव्हापासून ते बंद पडलं, एवढं कानावर पडताच सम्राट उठला आणि तडक कचेरीत गेला. अर्ध्या तासानं तो पुरवठा शाखेच्या राधाकृष्ण कारकुनालाच फायलीसकट बरोबर घेऊन बाहेर आला.

"मावशी," सम्राट म्हणाला, "रजिस्टरात तुमच्या नावापुढं मयत लिहिलंय."

"आता गं बया! मी कवा मेले?"

"बाई जिवंत आहेत हे मला दिसतंय," राधाकृष्ण म्हणाला, "पण रजिस्टरला दिसत नाही. आणि कागद काही खोटा नाही. बाईंच्या मरणाचे चार लेखी पुरावे फायलीत आहेत."

भोवती गर्दी जमली. पोरं अडकली म्हणून पुंजारामला असा काही चेव आला की तो सतरंजीवरून उठून मधे घुसला. "जित्त्या बाईला मारलं? कोन त्यो शाना? त्याला ह्या लिंबाखाली उभा करा आन् सगळ्यांसमोर जाब इचारा!"

अश्विनीनं फायलीतला एक कागद त्याच्यापुढं धरला. "काका, एवढं जरा वाचून दाखवता? तुमच्यासारखं वाचायला आम्हांला जमत नाही."

एवढ्या लोकांत हा मान! पुंजारामनं अक्षर कुणाचं हेसुद्धा न बघता छाती भरून घेतली. "विनंती अर्ज ऐसाजे की अर्जदार नामे कडूबाई मयत..." आणि इथं बावीस वर्षांत पहिल्यांदा त्याचा दम तुटला. अक्षर ओळखीचं होतं. पुढं लिहिलं होतं, 'सूर्यभान यांची पत्नी'.

"इथं स्वल्पविराम हवा होता," अश्विनी हळूच म्हणाली. "कडूबाईंच्या पुढं."

"त्यो काय आसतो गं?" कडूबाईनं विचारलं.

"शेपटीवालं टिंब, मावशी. ते नसल्यामुळं मयत तुमच्या नावाला चिकटलं."

"मंजी मला ह्येनं मारलं व्हय?" कडूबाईनं पुंजारामकडं बोट केलं. "आन् येकदा न्हाई, चारदा!"

सहादेवच्या हातातली किटली हसून हसून हिंदकळायला लागली. लिंबाला ढोली असती तर पुंजाराम तिच्यात शिरला असता.

राधाकृष्णनं तोड सांगितली. ज्यानं अर्ज लिहिला त्यानं चूक कबूल केल्याचं प्रतिज्ञापत्र द्यायचं, की बाई लगेच जिवंत. पण असलं प्रतिज्ञापत्र स्वतःच्या हातानं लिहायला पुंजारामचा हात वळेना. शेवटी तो बाकाकडं गेला. बाकावर आधीच सात जण होते.

"नंबरानं बसा, काका," सम्राट म्हणाला.

तो बसला. भर बाजारात, तासभर. येणारे-जाणारे थबकून बघत होते. "आरं, पुंजारामभाऊबी हिच्याकडंच कागद करतोय!" ही बातमी मेथीच्या जुडीबरोबर गावोगाव गेली. पुढच्या बाजारी टेबलापुढची रांग पार एस.टी. स्टँडला टेकली.

त्या रांगेकडं जळक्या नजरेनं बघत पुंजाराम रिकाम्या सतरंजीवर बसला होता. रांगेला वळसा घालून कडूबाई सरळ त्याच्याकडं आली. एका हातात नवं कार्ड, दुसऱ्या हातात रॉकेलचा भरलेला कॅन. शिव्या खायच्या तयारीनं त्यानं मान खाली घातली. हातातलं खाली टेकवून तिनं ओच्यातली फडक्यात बांधलेली भाकरी त्याच्यापुढं ठेवली.

"अर्ज लिव्हा, भाऊ."

पुंजारामनं मान वर केली. "तिकडं फुकाट हाय की. माज्याकडं कशापायी?"

"हे काम त्या पोरीचं न्हाई, तुमचंच हाय." कडूबाई ऐसपैस बसली. "माजा सासरा मरून धा वर्सं झाली, पर सातबाऱ्यावर म्हातारा आजून जित्ताच हाय. काय केल्या मरंना. तेवढा मारून द्या."

पुंजारामनं भाकरीकडं बघितलं, पलीकडच्या टेबलाकडं बघितलं आणि लेखणी उचलली. आता मात्र तो सावध झाला होता. म्हाताऱ्याचं नाव लिहून झाल्यावर त्यानं लेखणी थांबवली आणि आयुष्यातला पहिला स्वल्पविराम टेकवणार, तोच कडूबाईनं त्याचा हात धरला.

"ते शेपटीवालं टिंब नगा देऊ, भाऊ. म्हातारा पुन्यांदा वाचंल."