बी-४०३ची भाडेकरू

भैरूने मोबाइलवरच्या सोसायटीच्या यादीतल्या फोटोकडे पाहिलं, मग पूर्णिमाकडे पाहिलं, मग मोबाइल आडवा धरला. आडवा धरल्याने फोटोतली बाई बारीक होत नाही हे लक्षात आल्यावर त्याने तो परत उभा केला.

"मॅडम, ह्या तुम्ही नाय," तो म्हणाला.

"मीच आहे. जुना फोटो आहे तो."

"जुना असंल. पण तुमचा नाय."

भैरू गेटवर नवा होता आणि नव्या वॉचमनला असतो तेवढा उत्साह त्याच्यात होता. पूर्णिमा गावंडे आपल्याच सोसायटीच्या गेटवर कंबरेत वाकून, जमिनीवर पडलेलं काहीतरी शोधत असल्यासारखी उभी होती. तिचा इलाज नव्हता. नऊ दिवसांपूर्वी डॉक्टरांनी तिच्या पोटाची आणि कंबरेची जादा कातडी काढून टाकली होती, आणि उरलेली इतकी ताणून शिवली होती की ती जरा सरळ व्हायला गेली की टाके कुरकुरायचे. कपड्यांच्या आत छातीपासून मांडीपर्यंत एक घट्ट पट्टा होता, त्यात श्वास घ्यायचा तर आधी जागा करावी लागे. आत्ता ती पोटातल्या दोन नळ्या काढून हॉस्पिटलमधून परत येत होती, आणि तिला जगात फक्त एकच गोष्ट हवी होती. चौथ्या मजल्यावरचा तिचा पलंग, डोक्याखाली तीन उशा आणि गुडघ्यांखाली दोन.

तीन वर्षांत पूर्णिमा एकशे एकतीस किलोवरून सदुसष्टवर आली होती. लॉकडाउनपासून तिच्या कंपनीचं काम घरूनच चालायचं. हॉल ते स्वयंपाकघर, स्वयंपाकघर ते हॉल अशा फेऱ्या मारून ती एवढी चालली होती, की तेवढ्यात खराडीहून वाशीमला पाच वेळा जाऊन आली असती. पण फेऱ्या घरात होत्या, त्यामुळे पाहिलं कुणीच नाही. वजन गेलं, कातडी मात्र राहिली. लग्न उरकून वऱ्हाड निघून जावं आणि मांडव तसाच लोंबत राहावा, तशी.

वजन कमी केलं हे चारचौघांत सांगता येतं. कातडी कापून घेतली हे कसं सांगणार? वाशीमचा दादा म्हणाला असता, "त्रेचाळिसाव्या वर्षी हे काय नखरे व्हय?" ऑफिसातल्या तनुजाने लाल बदामाच्या डोळ्यांचा इमोजी टाकून "वाव" म्हटलं असतं, आणि तासाभरात ते वाव सगळ्या कंपनीत फिरलं असतं. म्हणून पूर्णिमाने दादाला, ऑफिसला आणि सोसायटीच्या ग्रुपला एकच सांगितलं. ध्यानाच्या शिबिराला चालले आहे. पंधरा दिवस मौन, फोन जमा. रजा मात्र तीन आठवड्यांची घेतली. बोलायची सवय परत लागायला वेळ लागतो, असं तनुजाला पटवलं.

थाप इतकी उत्तम होती की कुणी फोनच केला नाही. नऊ दिवसांत गाद्या विकणारी एक कंपनी आणि एक पिझ्झावाला, एवढ्या दोघांनीच तिची आठवण काढली.

"घरमालकाला फोन लावायचा नियम हाय," भैरू म्हणाला आणि त्याने नंबर लावला.

पूर्णिमाच्या पर्समध्ये फोन वाजला.

भैरू दोन पावलं मागे सरकला. "मॅडमचा फोन तुमच्याकडं कसा?"

"कारण मीच मॅडम आहे."

"थांबा हितंच," भैरू म्हणाला, आणि त्याने थेट वरच्या कोर्टात फोन लावला.

वरचं कोर्ट म्हणजे सोसायटीच्या सेक्रेटरी सुशीलाबाई. खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात त्यांनी तीस वर्षं गेटपास तपासले होते. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, तरी त्या कुणाच्याही चेहऱ्याकडे आधी शिक्का शोधत असल्यासारख्या पाहायच्या. त्यांच्यामागोमाग चेअरमन हिंमतराव आले. सोसायटीचे तिन्ही टॉवर त्यांच्याच ज्वारीच्या रानात उगवले होते, त्यामुळे गेटवर काही झालं की ते बांधावर भांडण लागल्यासारखे धावत येत.

"आपण?" सुशीलाबाईंनी विचारलं.

"पूर्णिमा गावंडे. बी-चारशे तीन."

"पूर्णिमा गावंडे शिबिराला गेल्यात. त्यांनी स्वतः ग्रुपवर टाकलंय. त्यांच्यापेक्षा आपल्याला जास्त माहीत आहे का?"

पूर्णिमाने आधार कार्ड काढून दिलं. सुशीलाबाईंनी ते हातभर लांब धरलं.

"ह्या फोटोत आपण दोनदा मावाल," त्या म्हणाल्या. "एकदा मावला असतात तर मी विचार केला असता."

"माझ्याकडे किल्ली आहे घराची."

"किल्ली चोराकडेही असते. बहुतेक वेळा चोराकडेच असते."

"आठवडाभर त्या घरात लाइट लागतीया," हिंमतराव म्हणाले. "मालकीण गावाला अन् लाइट चालू. मी म्हटलं हिला, द्वारके, ह्यात काय तरी हाय."

पूर्णिमाने गेटच्या खांबाचा आधार घेतला. ती दमली की तिच्या तोंडून पुण्यात सतरा वर्षं दाबून ठेवलेलं वाशीम बाहेर पडायचं. "मी काय म्हणून राहिली एवढ्या वेळची? मीच आहो ना पूर्णिमा."

सुशीलाबाई आणि हिंमतराव यांनी एकमेकांकडे पाहिलं. पूर्णिमा गावंडे सहा वर्षं ग्रुपवर होती आणि तिथे तिने फक्त 'नोटेड' एवढंच लिहिलं होतं. पाण्याचा टँकर, नोटेड. गणपतीची वर्गणी, नोटेड. नोटेड लिहिणारी बाई अशी बोलेल यावर कुणाचाही विश्वास बसला नसता.

"बरं," सुशीलाबाई म्हणाल्या, "आपल्याला ओळखणारा एक माणूस सांगा. एकच. मी लगेच सोडते."

पूर्णिमा विचार करायला लागली. दादा ओळखेल, पण दादाच्या मते ती मौनात होती. तनुजाच्या मतेही. लॉकडाउनआधी कुणाशी मैत्री होती ते आठवायला गेली तर चेहऱ्यांआधी त्यांच्या कंपन्या आठवल्या, आणि ते सगळे आता बंगळूरला होते. दूधवाला पिशवी दारात अडकवून जायचा. जेवण आणणाऱ्या पोरांना ती 'दाराशी ठेवा' असं लिहायची. अख्ख्या पुण्यात आपल्याकडे बघून 'हो, हीच ती' म्हणणारं एक तोंड सापडेना, आणि हे असं गेटवर उभं राहून, दोन परक्या माणसांसमोर, पहिल्यांदाच लक्षात येत होतं.

"कांताबाई," ती शेवटी म्हणाली. "बहीण आहे माझी."

कांताबाई म्हणजे पेशंट सांभाळणाऱ्या बायकांच्या ब्यूरोतून बोलावलेली बाई. घरचं माणूस असल्याशिवाय हॉस्पिटल घरी सोडत नव्हतं, तेव्हा तिने फॉर्मवर 'बहीण' लिहून अंगठ्यासारखी सही केली होती, दोन दिवस उशाशी बसली होती आणि तिसऱ्या दिवशी दुसऱ्या पेशंटकडे गेली होती. सुशीलाबाईंनी फोन स्पीकरवर टाकला.

"आपल्या बहिणीबद्दल विचारायचं होतं," त्या म्हणाल्या.

"कुठली बहीण?" कांताबाई पलीकडून म्हणाली. "कोथरूडची का मगरपट्ट्याची?"

"खराडीची."

"ती व्हय. ती बरी हाय का? नाव काय हो तिचं, मला सध्या पाच हायत."

सुशीलाबाईंनी फोन ठेवला. हिंमतरावांनी उगाचच गेटची कडी लावून घेतली.

आता उरला होता तो पर्समधला हॉस्पिटलचा कागद. त्यावर तिचं नाव होतं, जुनं वजन होतं, नवं वजन होतं. आणि काय काय कापलं, कुठून कापलं, हेही सविस्तर होतं. काढलेली त्वचा, चार किलो दोनशे ग्रॅम. तो कागद एकदा बाहेर निघाला की सगळं मिटणार होतं. आणि रात्रीच्या जेवणापर्यंत तिन्ही टॉवरांत चार किलो दोनशे ग्रॅमच्या गप्पा होणार होत्या. पूर्णिमाने पर्स पोटाशी घट्ट धरली आणि तोंड वाकडं केलं, कारण पोटाशी काहीही धरायचं नव्हतं.

ते वाकडं तोंड पाहून सुशीलाबाई जरा नरमल्या. "हे बघा, आम्ही काही पोलिस नाही. गावंडेबाईंनी न कळवता जागा भाड्याने दिली, हे पहिल्यांदा होत नाही इथे. शिबिरात फोन चालत नाही म्हणून फोन तुमच्याकडे ठेवून गेल्या. बरोबर? खोटं बोलायची गरज नाही. भाडेकरू आहात ना तुम्ही?"

सगळं कसं चपखल बसत होतं. पूर्णिमाला स्वतःलासुद्धा पटलं.

"हो," ती म्हणाली.

"बघा, आधीच सांगितलं असतं तर केव्हाच वर गेला असतात. नाव?"

"शकू," आत्याचं नाव तोंडात आलं ते तिने देऊन टाकलं. "ऑपरेशन झालंय पोटाचं. आराम करायला आले."

"कागदपत्रं?"

"गावी आहेत."

"पंधरा दिवसांचा कच्चा पास देते. खडकीत आम्ही तो रंगकाम करणाऱ्यांना द्यायचो. मालकिणीच्या सहीचं पत्र मात्र मला लागेल."

मालकिणीने जाण्याआधीच लिहून ठेवलेलं, असं सांगून दिलेलं पत्र दुसऱ्या दिवशी सकाळी मिळालं. सुशीलाबाईंनी ते सोसायटीच्या रजिस्टरशेजारी ठेवून भिंगातून तपासलं. "सही तिचीच आहे," त्या हिंमतरावांना म्हणाल्या. "निदान ह्यात लबाडी नाही."

आणि मग जे सुरू झालं त्याची पूर्णिमाला कल्पना नव्हती. मालकीण म्हणून ती सहा वर्षं राहिली होती, पण कुणी दार वाजवलं नव्हतं. भाडेकरू होऊन चोवीस तास झाले नाहीत तोच बेल वाजली. हिंमतरावांच्या द्वारकाबाई शेपूची भाजी घेऊन उभ्या होत्या. "आजारी बाई एकटी हाय म्हणं. आवं, सांगायचं तरी." संध्याकाळी हिंमतराव त्यांच्या आईचा चार पायांचा वॉकर खांद्यावर टाकून आले. भैरूने वर येऊन पाण्याचा जार थेट ओट्यावर चढवला आणि "तुम्ही उचलू नका, टाकं उसवतील," असा दम दिला. सुशीलाबाई रोज साडेबाराला मुगाची खिचडी आणायच्या आणि ती संपेपर्यंत समोर बसायच्या, पास तपासल्यासारख्या.

"मीठ बरोबर आहे?"

"आहे."

"नसलं तरी खा. तुमच्या मालकीणबाई बोलतात का हो तुमच्याशी?"

"फारशा नाही."

"आमच्याशीही नाही. बाई सरळ वाटायची. पण मी लिफ्टमध्ये शिरले की ही बाहेर. दरवेळी. मी म्हटलं, आपलं तोंड आवडत नसेल, काही लोकांना नाही आवडत."

पूर्णिमाच्या हातातला चमचा थांबला. "त्यांचं असं झालं होतं," ती सावकाश म्हणाली, "की एकदा लिफ्टमध्ये चौघं होते आणि जास्त वजनाची घंटा वाजली. सगळ्यांनी त्यांच्याचकडे पाहिलं."

"ती घंटा?" सुशीलाबाई म्हणाल्या. "ती बिघडलेली आहे. भैरू एकटा चढला तरी वाजते. सहा वर्षं मी तक्रार करतेय, ग्रुपवर शंभरदा टाकलंय."

नोटेड, पूर्णिमाला आठवलं. ती तक्रार तिने शंभरदा नोट केली होती. वाचली कधीच नव्हती.

खिचडी गार होत होती. सांगून टाकावं, असं तिच्या अगदी ओठांवर आलं. पण मालकिणीला कोण खिचडी आणतं? आजारी, एकटी, बिचारी भाडेकरू होती ती शकू. पूर्णिमा गावंडे म्हणजे परत बंद दार आणि दाराशी ठेवा. तिने तोंडात घास घातला आणि तो चावायला नको असतानाही बराच वेळ चावला.

"परवा शिबिर सुटून येत असतील ना त्या?" सुशीलाबाई ताट गोळा करता करता म्हणाल्या. आवाज नेहमीसारखा कोरडा होता, पण त्या ताट हातात धरून उभ्याच राहिल्या. "मग तुम्हाला काढणार का?"

"नाही," पूर्णिमा म्हणाली. "आम्ही दोघी राहू."

सुशीलाबाईंनी त्या छोट्याशा फ्लॅटवरून एकदा नजर फिरवली, मग फोटोतली बाई आठवून पूर्णिमाकडे पाहिलं.

"जागा पुरेल?"

"आता पुरेल," पूर्णिमा म्हणाली.

"बघा बाई. मी उद्यापासून दोघींची आणते," सुशीलाबाई म्हणाल्या, आणि दार ओढून न घेताच गेल्या.