तळ्याकडे मात्र जाऊ नका

लग्न व्यवस्थित पार पडले आणि खरा घोटाळा तिथून सुरू झाला. डोंगरावरच्या त्या हॉटेलात लग्न करायचे नवरा-नवरीने ठरवले होते, ते चार माणसांत, शांतपणे उरकावे म्हणून. इतक्या लांब फारसे कोणी येणार नाही, असा त्यांचा अंदाज होता. आले सगळे. आणि दुसऱ्या दिवशी सामान बांधायचे सोडून नवरीच्या आत्या नाश्त्याच्या टेबलावर म्हणाल्या, “आता इतक्या लांब आलोच आहोत तर...”

हे वाक्य त्यांनी पुरे केले नाही. करायची गरजही पडली नाही. दुपारपर्यंत झाडून सगळ्या पाहुण्यांनी आपापल्या खोल्या आणखी दोन दिवसांसाठी वाढवून घेतल्या होत्या.

नवरीचा चेहरा तेव्हाच पडला. नवरदेव जहाजावर इंजिनिअर होता. त्या दोन दिवसांनंतर त्याला जहाज गाठायचे होते, आणि एकदा का तो पाण्यावर गेला की सहा महिने बायकोला फक्त फोनवर दिसणार, तेही रेंज असली तर. म्हणजे संसार म्हणून दोघांच्या वाट्याला आलेले हे दोनच दिवस, आणि त्यांच्यावर आता अख्खे वऱ्हाड पसरून बसले होते. पहिल्याच दुपारी कोणी त्यांच्या दारावर टकटक करून चार्जर मागितला, कोणी फोटो काढून घ्यायला बोलावले. आत्यांच्या खोलीत वारा येत नव्हता, म्हणून त्या यांच्या खोलीत येऊन पडल्या. नवरदेवाचे काका शाळेचे निवृत्त हेडमास्तर. ते नव्या जोडप्याला सहजीवनाविषयी दोन शब्द सांगायला आले आणि संध्याकाळच्या चहापर्यंत प्रस्तावनेतच होते.

शेवटी नवरीने मामाला गाठले. मामांनी आयुष्यभर विमा विकला होता. तो विकताना समोरच्याला घाबरवायची जी सवय लागली, ती निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. कोणी नवे घर घेतले की सगळे जण खिडकीतून दिसणारा देखावा बघत आणि मामा छत बघत. कोणी गाडी घेतली की मामा पुढच्या चाकाजवळ उकिडवे बसून उसासा टाकत. नात्यात त्यांना सगळे जोखीममामा म्हणत, अर्थात पाठीमागे. गंमत अशी, की मामांनी वर्तवलेले एकही संकट आजवर कोणावर आले नव्हते. आत्यांची बाल्कनी येत्या पावसाळ्यात पडणार, असे त्यांनी सांगितल्याला कितीतरी पावसाळे होऊन गेले. आत्यांनी तिथे आता झोपाळाही टांगला होता.

मामांविषयी दुसरी गोष्टही सर्वांना ठाऊक होती. त्यांच्या तोंडात तीळ भिजत नसे. मामींना वाढदिवसाला अचानक द्यायचे म्हणून घेतलेल्या घड्याळाची बातमी त्यांनी दुकानातूनच फोन करून मामींना दिली होती. त्यामुळे घरात काही गुपित बोलायचे असले की मामांना आधी काहीतरी आणायला बाहेर पाठवत. मामा निमूटपणे जात, पण जाताना त्यांना कळत असे. ते आतून दुखतही असे.

म्हणूनच भाचीने बागेच्या कोपऱ्यात नेऊन आवाज खाली केला, तेव्हा मामांनी आधी मागे वळून पाहिले. आपल्यालाच सांगते आहे, याची त्यांना खात्री पटेना.

“मामा, उद्या दिवसभर आम्ही दोघं तळ्याकाठच्या बंगलीत जाऊन राहणार आहोत. हे फक्त तुला सांगतेय. आईलासुद्धा माहीत नाही.”

“मामीला?”

“मामीला तर नाहीच. पाहुण्यांच्या सहली तू ठरव. कुठेही ने त्यांना, पण तळ्याकडे कुणी फिरकता कामा नये. जमेल ना तुला?”

“जीव गेला तरी सांगायचो नाही,” मामा म्हणाले, आणि खोलीवर परतले ते ओठ घट्ट मिटूनच. मामींनी विचारले, काय म्हणत होती भाची? मामा म्हणाले, काही नाही. इतक्या वर्षांच्या संसारात मामींच्या प्रश्नाला हे उत्तर प्रथमच मिळाले होते. त्यांनी हातातली कपड्यांची घडी बाजूला ठेवली आणि नवऱ्याच्या कपाळाला हात लावून पाहिला.

रात्रीच्या जेवणाला मामा उभे राहिले आणि त्यांनी सहलींची घोषणा केली. उद्या घड्याळांचे संग्रहालय, मधमाश्यांची बाग आणि जुना किल्ला. व्हॅन दाराशी येईल. सगळ्यांनी माना डोलावल्या. मामांनी तिथेच खाली बसायला हवे होते.

पण आत्यांनी विचारले, “आणि ते तळं? स्वागतकक्षात फोटो लावलाय बघा. केवढं सुंदर दिसतंय.”

“तळ्याकडे मात्र जाऊ नका,” मामा म्हणाले.

“का हो?”

आता ‘लांब आहे’ एवढे म्हटले असते तरी भागले असते. पण जन्मभराची सवय उसळी मारून वर आली. मामांनी सांगितले, की तिथला रस्ता दरीच्या कडेने जातो आणि कडा पोखरलेला आहे. काठावर शेवाळ आहे, त्यावरून पाय घसरला की कंबर कायमची गेली समजा. गवतात जळवा आहेत. पलीकडे एक बंगली आहे, पण तिचे छत आज पडेल की उद्या, एवढेच ठरायचे आहे. बोलता बोलता त्यांनी जळवांची लांबी बोटांनी दाखवली. टेबलावर शांतता पसरली. मामांना वाटले, मात्रा लागू पडली.

त्या शांततेत आत्यांना आपली बाल्कनी आठवत होती. हेडमास्तर काका नवरदेवाकडचे, त्यांची मामांशी ओळख जेमतेम तीन दिवसांची. पण लग्नाच्या आदल्या दिवशी मामांनी लिफ्टच्या दोराविषयी असे काही सांगितले होते, की काका तेव्हापासून प्रत्येक वेळी जिनाच चढत होते. लिफ्ट अजून सुखरूप होती आणि काकांचे गुडघे नव्हते. थोडक्यात, मामा ज्याला इतके वाईट म्हणतात ते तळे स्वर्गासारखे असणार, हे प्रत्येकाने आपल्या मनाशी पक्के केले. आणि मामा ते कोणाला दाखवू इच्छित नाहीत, म्हणजे जागा थोडी असणार, हेही ओघाने आलेच.

सकाळी व्हॅन दाराशी लागली. मामा टोपी घालून तयार होते. पहिला निरोप आत्यांचा आला, की डोके फार दुखते आहे, पडून राहीन म्हणते. हेडमास्तर काकांनी कळवले, की ते जरा पाय मोकळे करायला जातील. एका कुटुंबातल्या सगळ्यांचे पोट एकदमच बिघडले होते. मामी म्हणाल्या, की त्यांना भाचीच्या आईजवळ थांबायला हवे, आणि भाचीची आई म्हणाली, की तिला मामींजवळ. मामांना थोडे वाईट वाटले. पण सगळे आपापल्या खोलीत पडून राहणार म्हणजे तळ्याचा धोका टळला, असे म्हणून ते एकटेच व्हॅनमध्ये बसले. एवढ्या मोठ्या व्हॅनमध्ये एकट्याने बसणे बरे दिसेना, म्हणून ते मध्येच जागा बदलत होते.

घड्याळांच्या संग्रहालयातल्या गृहस्थांना कित्येक दिवसांनी माणूस दिसले असावे. त्यांनी मामांना दंडाला धरून आत नेले आणि एकेक घड्याळ चावी देऊन वाजवून दाखवायला सुरुवात केली. एका घड्याळातून पक्षी बाहेर यायचा होता, तो येईना. दोघे त्याची वाट पाहत उभे असतानाच व्हॅनचा ड्रायव्हर आत आला.

“साहेब, तुमची मंडळी इथे यायची होती ना?”

“होती. सगळे आजारी पडलेत.”

“मग सगळे बरे झाले म्हणायचे. माझा मित्र त्यांना घेऊन गेलाय, त्याचाच फोन होता. दोन खेपा झाल्या त्याच्या. सगळे तळ्यावर आहेत.”

मामा बाहेर धावले. त्यांच्या पाठीमागे तो पक्षी बाहेर आला आणि ओरडू लागला, पण त्याच्याकडे पाहायला ते थांबले नाहीत. रस्ताभर त्यांना भाचीचा चेहरा दिसत होता. जन्मात एकदा कोणीतरी विश्वास टाकला होता. आपण एका अक्षराने बोललो नाही, आणि तरी सगळे वऱ्हाड आपणच तिच्या दारात नेऊन उभे केले, हे तिला कसे पटवायचे? ड्रायव्हरला त्यांनी जोरात चालवायला सांगितले. आयुष्यात प्रथमच त्यांनी असे कोणाला सांगितले असेल. रस्ता चांगला रुंद आणि नवाकोरा होता, दरीचा पत्ता नव्हता.

तळ्याकाठी सुरुवातीला थोडी पंचाईत झाली होती. डोके दुखणाऱ्या आत्या आणि पाय मोकळे करणारे काका एकाच झाडाखाली समोरासमोर आले होते. मग पोट बिघडलेले कुटुंब आले, मग मामी आणि नवरीची आई. प्रत्येकाने दुसऱ्याला ‘तुम्ही कसे इकडे?’ म्हणून विचारले आणि उत्तराची वाट पाहिली नाही. जळवा कुठेच नव्हत्या. मऊ गवत होते, पाणी निवळशंख होते. आणि मामा पोचले तेव्हा ही सगळी मंडळी काठाकाठाने त्या बंगलीच्या पायरीपर्यंत गेली होती. दार आतून बंद होते. हेडमास्तर काकांनी टकटक करायला हात वर केला होता.

मामा धापा टाकत पायऱ्या चढले आणि दाराला पाठ लावून दोन्ही हात पसरून उभे राहिले.

“आत जाऊ नका. पाया पडतो तुमच्या. छत...”

“छताचं असू दे हो मामा,” आत्या म्हणाल्या, “आत काय आहे ते सांगा.”

“आत काही नाही. कुणीच नाही. दोघंही नाहीत.”

असे म्हटल्यावर कोण थांबणार? सगळे एकदम पुढे सरकले. मामींनी नवऱ्याचा हात धरून त्यांना अलगद बाजूला केले. मामांनी डोळे मिटून घेतले. आणि दार आतूनच उघडले.

दारात खांद्यावर फडके टाकलेले एक वयस्क रखवालदार उभे होते. त्यांच्या हातात चहाची मोठी किटली होती.

“या, या. केव्हाची वाट बघतोय,” ते म्हणाले. “नवरीबाईंचा कालच निरोप आला होता. सगळी मंडळी येतील, जेवूनच परत पाठवा म्हणाल्या.”

आत लांबच लांब टेबल मांडले होते. ताटे पालथी घालून ठेवली होती. मामांनी डोळे उघडले, टेबल पाहिले, दुसऱ्या खोलीत डोकावले, पडद्यामागेही पाहिले. तिथे भाची नव्हती आणि जावईही नव्हता.

बाकीच्यांना सगळा उलगडा तात्काळ झाला. म्हणजे हा सारा नवरीने पाहुण्यांसाठी आखलेला बेत होता आणि मामा त्यात सामील होते. हेडमास्तर काकांनी मामांची पाठ थोपटली आणि असा अभिनय आपण शाळेच्या स्नेहसंमेलनातही पाहिला नाही, असे सांगितले. आत्या म्हणाल्या, जळवा दाखवल्या ते मात्र फारच छान. मामींनी मामांच्या ताटात आधी वाढले. नवऱ्याने एक गोष्ट रात्रभर पोटात ठेवली, याचे त्यांना इतके अप्रूप वाटले होते, की घास घेता घेता त्या पुन्हा पुन्हा त्यांच्याकडे पाहत होत्या. मामा जेवले, पण काय जेवले ते त्यांना सांगता आले नसते.

ऊन उतरल्यावर सगळे हॉटेलवर परतले. हॉटेल कसे शांत, स्वच्छ दिसत होते. बागेत वेताच्या दोन खुर्च्या एकमेकींना खेटून ठेवल्या होत्या. नवरी ओले केस मोकळे सोडून, अनवाणी बसली होती आणि नवरदेव तिला काहीतरी वाचून दाखवत होता. लग्नापासून त्या दोघांना कोणी असे निवांत पाहिले नव्हते. गर्दी आपापल्या खोल्यांकडे पांगली, तसे मामा त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले.

“तुम्ही दिवसभर इथेच होता?”

“सगळं हॉटेल आमचं होतं, मामा,” जावई म्हणाला. “दारावर एकदासुद्धा टकटक नाही.”

मामा खुर्ची न घेता तसेच उभे राहिले. त्यांना राग येत होता, पण तो नीट बाहेर पडेना. “म्हणजे तुला खात्री होती, की मी सगळ्यांना सांगत सुटणार,” ते भाचीला म्हणाले. “सगळे मला हसतात, त्यात तू नव्हतीस असं मला वाटत होतं. मी मामीलासुद्धा नाही सांगितलं गं.”

भाची उठली आणि तिने मामाचे दोन्ही हात धरले.

“तू सांगितलं असतंस तर सगळं फसलं असतं. आम्ही तिथं आहोत असं कळलं असतं, तर माणसं संकोचून इथंच बसून राहिली असती. तू घाबरवशील एवढं मला माहीत होतं. पण आमचं नाव तुझ्या तोंडून निघणार नाही, यावर मी माझे दोन दिवस लावले होते, मामा. दोनच होते माझ्याकडे.”

मामांनी तिच्याकडे पाहिले, मग जावयाकडे पाहिले. त्यांचे डोळे भरून आले आणि ते त्यांनी टोपीनेच पुसले. मग जावयाच्या खुर्चीचा पाय हलवून पाहत, ती जरा डगमगते, जपून बस, असे त्याला सांगून ते आत गेले.

रात्रीच्या जेवणाला सगळे खुशीत होते. उद्या शेवटचा दिवस, तेव्हा निवांत हॉटेलातच बसावे, पत्ते खेळावेत, नव्या जोडप्याशी पोटभर गप्पा माराव्यात, अशी टूम आत्यांनी काढली. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला नवरीचा हात ताटातच थांबला. मामांनी ते पाहिले. पाण्याचा एक घोट घेऊन ते सावकाश उभे राहिले.

“छान कल्पना आहे. इथेच बसा,” ते म्हणाले. “पण कुणाला जायचंच झालं तर किल्ल्यावर जा. धबधब्याकडे मात्र चुकूनसुद्धा जाऊ नका. तिथला तो झुलता पूल...”

बोलता बोलता मामांनी दोन बोटांनी पुलाचा दोर किती झिजला आहे ते दाखवले. आत्यांनी हेडमास्तर काकांकडे पाहिले आणि काकांनी घसा साफ करून उद्या पाय मोकळे करायला जाण्याचा विचार बोलून दाखवला. मामींनी या वेळी नवऱ्याला काहीच विचारले नाही. त्या हळूच उठून बाहेर गेल्या आणि त्यांनी ड्रायव्हरला सांगितले, की सकाळी लवकर ये आणि दोन्ही गाड्या आण.