इनासमामांचा वारा

आमच्या कारखान्यात नवा सुपरवायझर आला की पहिल्याच दिवशी चिडतो. कारण सगळं खातं धावपळ करत असताना एक उंच, सावळे गृहस्थ उलट्या क्रेटवर डोळे मिटून बसलेले असतात.

"मामा, ड्यूटीवर झोपता?"

"झोपलाय कोन? ऐकतोय मी. तिसऱ्या वळनाला एक बूच लंगडतंय."

सुपरवायझर शिडी लावून वर चढतो. तिसऱ्या वळणावर एक झाकण खरंच तिरकं झालेलं असतं. दुसऱ्या दिवसापासून तो मामांना चहा विचारायला लागतो.

वसई पूर्वेच्या गाळ्यांत आम्ही सरबतं बाटल्यांत भरतो. मी तिथे स्टोअर सांभाळतो. बाटल्या पट्ट्यावरून येतात, पण त्यांची झाकणं वाऱ्यावर येतात. खालच्या पिंपात ती ओतायची, मग ब्लोअरचा वारा त्यांना एका अरुंद मार्गाने छताजवळून फिरवून झाकण लावायच्या मशीनपर्यंत नेतो. एकामागून एक, शाळेतल्या पोरांसारखी. कागदोपत्री ती 'कॅप', आमच्या तोंडी झाकण आणि इनासमामांचं बूच.

मामा पाचूबंदरचे. घरचे सगळे मासेमारीत, पण हे होडीत बसले की ओकायचे. शेवटी बापाने सांगितलं, "तू आपला जमिनीवरचा वारा सांभाळ." बापाने हे वैतागून म्हटलं होतं. मामांनी मनावर घेतलं.

प्रत्येक वळणावर त्यांनी जाळ्याचा एकेक धागा बांधलाय. धागा नुसता थरथरला की ठीक, ताठ झाला की वारा जास्त. ब्लोअरची जाळी दर शनिवारी स्वतः धुतात, बाळाचं टोपडं धुवावं तशी. कोणी वारा वाढवायला गेला की ओरडतात, "पाठीवर हात ठेवून न्यायचं बुचाला! गुद्दा मारून नाय!" पुतणीच्या लग्नात फादर संसाराचा उपदेश करत होते, तेव्हा मामा चर्चच्या छताकडे बघत माझ्या कानात म्हणाले, "तिसऱ्या पंख्याचं पातं वाकडं हाय."

गेल्या मे महिन्यात झाकणं सारखी अडकायला लागली. बाहेर दोन ट्रक उभे होते. नव्या मॅनेजरसाहेबांनी मामांना बाजूला करून वारा पुरा सोडला. झाकणं लाह्यांसारखी उडाली, एक साहेबांच्याच चहात पडलं. उरलेली नेमकी मशीनच्या तोंडाशी तुंबली. मशीन चालूच होतं. साहेबांनी बाह्या सरसावून आत हात घातला.

मामा क्रेटवरून कसे उठले ते कोणी पाहिलं नाही. त्यांनी साहेबांच्या हातावर एवढ्या जोरात फटका मारला की आवाज बाटल्यांच्या खडखडाटातही ऐकू आला. मग त्यांनी मेन स्विच पाडला.

"हात नाय घालायचा!"

तसा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. साहेब लालबुंद झाले.

मग मामांनी झाकणांची सगळी पोती उपडी केली. पोती तापलेल्या पत्र्याला टेकून ठेवली होती, झाकणं उन्हाने किंचित लांबट झाली होती. पोती माझ्याच खात्याची, म्हणून मीही मुकाट्याने निवडायला बसलो. दुपारी ट्रक गेले. संध्याकाळी मामांच्या हातात पत्र पडलं: सोमवारपर्यंत लेखी माफी, नाहीतर घरी.

"मारलं ते मारलं. माफी कसली?" मामा म्हणाले.

त्यांची समजूत घालायला मी रविवारी पाचूबंदरला गेलो. त्यांची वहिनी दारात बोंबील वाळत घालत होती. "तो रविवारी घरी कवा असतो? चर्चात मिसा झाली का आगाशीला जातो, सुनंदाकडं," ती म्हणाली आणि बाजारामागच्या घराचा पत्ता दिला.

आगाशीला त्या घराच्या पायरीवर मामा बांगडे साफ करत बसले होते. मला पाहून ओशाळले. हात धुवायच्या निमित्ताने मागच्या नळावर गेले, ते बराच वेळ आलेच नाहीत.

सुनंदाबाईंनी मला चहा दिला. कप धरलेल्या उजव्या हाताला दोन बोटं नव्हती.

"मी तुमच्याच कारखान्यात होते, तुम्ही यायच्या आधी," त्या म्हणाल्या. "झाकणं अडकली, मी हात घातला. नऊ वर्षं झाली. तेव्हापासून दर रविवारी येतात, मासळी साफ करून देतात. चूक माझी होती, पण ऐकत नाहीत." मग नळाकडे बघत हळूच म्हणाल्या, "परवा पापलेटं मीच कापली विळीवर. मला सगळं जमतं आता. पण त्यांना सांगू नका हां. मग ते यायचे कशाला?"

त्या दिवशी मी माफीचा विषय काढलाच नाही.

सोमवारी साहेबांना मी बोटांचं तेवढं सांगितलं. त्यांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं, पत्र परत मागवलं आणि मशीनच्या तोंडाला जाळीचं दार बसवायची ऑर्डर दिली. मामांचे आभार मानणं मात्र त्यांना जमलं नाही. काही माणसांना तेवढं कठीण जातं.

पत्र रद्द झाल्याचं सांगायला मी मामांकडे गेलो. 'बरं' म्हणून ते क्रेटवर बसले.

"मामा, सुनंदाबाई म्हणत होत्या, चूक त्यांचीच होती."

"ती तसंच म्हनते." मामांनी डोळे मिटले. "पन लाईन थांबू नये म्हनून 'काढ गो पटकन' असं वरडलं कोन? मीच ना?"

"म्हणून दर रविवारी जाता?"

"मंग? मी नाय गेलो तर तिची मासळी कोन साफ करील?"

उत्तर मला माहीत होतं. "खरंय," मी म्हणालो आणि स्टोअरकडे वळलो.