दाराबाहेरच्या अध्यक्षीणबाई

आमच्या नातीला हल्ली साधा चहा मागता येत नाही. परवा सकाळी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ती म्हणाली, "चहा व्हावा, असा मी प्रस्ताव मांडते." तिचा बाप, म्हणजे माझा मुलगा, दाढी करता करता अर्ध्या तोंडाने म्हणाला, "अनुमोदन." सून पातेलं हातात धरून थांबली, विरोधात कुणी आहे का म्हणून. मी होते. माझा विरोध नोंदवून घेण्यात आला आणि चहा झाला.

पोरगी मुळात अशी नव्हती. आमची लॉन्ड्री आहे. पुढच्या खोलीत कपडे घ्यायचं टेबल, मागे धुण्याची यंत्रं, वर आम्ही. मळक्या चादरींच्या गठ्ठ्यांवर ही रांगली. शाईचा डाग कसा जातो आणि गंजाचा का जात नाही, हे विचारून विचारून तिने सगळ्यांचा जीव खाल्ला, म्हणून शेवटी तिला रसायनशास्त्राला घातली. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली ही पहिलीच. मी त्याचा डांगोरा पिटला नाही. जो जो कपडे टाकायला आला त्याच्या कानावर ते आपोआप पडत गेलं, एवढंच.

कॉलेज सुरू झालं त्या दिवशी ती नवी वही घेऊन निघाली ती थेट वर्गात जायला. पण तिथली व्यवस्था अशी, की वर्गाकडे जायला मैदानातूनच वाट, आणि मैदानात विद्यार्थ्यांच्या मंडळांची टेबलं. प्रत्येक टेबलामागे कुणीतरी हसत उभं, आणि सही केल्याशिवाय ते हसू काही संपत नाही. भीड ही भिकेची बहीण म्हणतात. इथे ती सदस्यत्वाची आई निघाली. संध्याकाळपर्यंत आमची नात वादविवाद मंडळात होती, मौन मंडळात होती, आणि गिर्यारोहण मंडळातही होती. स्टुलावर चढून पंखा पुसायचा म्हटलं तरी हिचे डोळे फिरतात. वर्ग मात्र तेवढा राहून गेला.

मंडळ म्हटलं की बैठक आली. बैठक कधी घ्यायची हे ठरवायला आधी एक बैठक लागते. मौन मंडळाच्या बैठका सगळ्यात लांबत, कारण मौनाचं महत्त्व प्रत्येकाला बोलून दाखवायचं असे. वेळ पुरेना, तेव्हा कुणी सुचवलं म्हणून ती वेळनियोजन मंडळात गेली. तिथे बैठक सुरू व्हायचीच उशिरा. त्याने डोकं दुखायला लागलं, म्हणून तणावमुक्ती मंडळ. तिथे एकदा गैरहजर राहिलं, की सगळ्यांसमोर उभं राहून आपण तणावमुक्त का झालो नाही याचा खुलासा करावा लागे.

मी म्हटलं, सोड ना सगळं. तिने मला समजावलं, की सोडायचं तर राजीनामा मंजूर व्हावा लागतो, त्याला पुरेशी माणसं जमावी लागतात, आणि ती माणसं दुसऱ्या बैठकांत अडकलेली असतात. अशा अडकलेल्यांसाठी एक राजीनामा साहाय्य मंडळ होतं. तिथे तिने इतकं मन लावून काम केलं, की त्यांनी तिला सोडलंच नाही, चिटणीस केलं.

जेवताना मी विचारलं, तुमचे रसायनाचे सर शिकवतात कसे? ती म्हणाली, "वर्ग चांगला असतो म्हणे, आजी. मी अजून पाहिला नाही."

हिचंच असं होतं म्हणावं, तर तसंही नाही. सगळेच तसे. सर बिचारे बाकांना शिकवत होते. त्यांनी प्राचार्यांकडे तक्रार केली. प्राचार्यांनी समिती नेमली. समितीने सखोल विचार करून असा निष्कर्ष काढला, की विद्यार्थी आळशी नाहीत. फक्त जी गोष्ट मंडळ नाही तिथे ते जात नाहीत. सबब, वर्गाचंच मंडळ करण्यात आलं. नाव, वर्गोपस्थिती मंडळ. त्याचं टेबल मैदानात लागलं, सर त्यामागे हसत उभे राहिले, आणि झुंबड उडाली. बाक कमी पडले. मग निवड आली, मुलाखती आल्या, आणि असंही ठरलं, की जो या मंडळात नाही त्याला परीक्षेला बसता येणार नाही.

त्या दिवशी पोरगी घरी आली ती कपड्यांच्या ढिगाआड जाऊन बसली. सून हाका मारून थकली, तेव्हा मी गेले. रडून रडून नाक लाल. "आजी, वर्ष गेलं तर बाबा मला खाली टेबलावर बसवतील. मला खरंच शिकायचं होतं गं." मी तिला जवळ घेतलं. म्हटलं, मुलाखत दे, खरं बोल, आपल्याला कुणाच्या बापाची भीती नाही.

ती खरं बोलली. समोर तिघे होते, तिच्याहून दोन वर्षांनी मोठे. त्यांनी विचारलं, वर्गात बसण्याचा पूर्वानुभव आहे का? ती म्हणाली, नाही. त्यांनी माना हलवल्या. मग विचारलं, आतापर्यंत केलंत काय? तिने एकेक मंडळ सांगायला घेतलं. चिटणीसपदापर्यंत पोचली, तसे तिघेही उठून उभे राहिले. एवढं नेतृत्व बाकावर बसवून वाया घालवणं योग्य नव्हे, असं एकमताने ठरलं आणि तिला वर्गोपस्थिती मंडळाची अध्यक्ष करण्यात आलं.

घरात आनंदीआनंद. मुलाने त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं. तिच्या सदऱ्याला मी स्वतः इस्त्री केली, आणि समोरच्या शिंप्याची बायको, जिचा मुलगा नुसता उपाध्यक्ष आहे, तिला गॅलरीतून दोनदा हाक मारली.

पुढच्या आठवड्यात पोरगी डबा विसरली, म्हणून मी कॉलेजात गेले. रसायनाचा वर्ग शोधायला वेळ लागला नाही, कारण आमच्या अध्यक्षीणबाई दाराबाहेर खुर्ची टाकून बसल्या होत्या. छातीवर बिल्ला. आत वर्ग खचाखच भरलेला, सर फळ्यावर काहीतरी काढत होते, दाराच्या काचेतून अर्धा फळा दिसत होता. ती मधूनच मान उंच करून बघायची आणि कुणी आलं की पुन्हा सरळ बसायची.

मी उभी होते तेवढ्यात एक नवीन मुलगी आली. हातात कोरी वही. म्हणाली, मला आत बसायचंय. आमच्या नातीने तिला फार गोड शब्दांत सांगितलं, की प्रक्रिया असते, आधी एखाद्या मंडळात काम करून या. मुलगी मान खाली घालून मैदानाकडे गेली.

मी नातीला विचारलं, तू आत कधी बसणार?

"अध्यक्षाने दारावर शिस्त राखायची असते, आजी. तसा नियमच आहे."

"आणि परीक्षा?"

"अध्यक्षांना नसते. त्यांना उत्तीर्ण समजतात."

हे सांगताना तिने माझ्याकडे बघितलं नाही. आत सरांनी काहीतरी विचारलं असावं, कारण सगळ्या वर्गातून एकदम उत्तर आलं. तिचे ओठही हलले, पण काय म्हणायचं ते तिला ठाऊक नव्हतं. मग जिन्यावरून जाणारी दोन पोरं तिला "मॅडम" म्हणाली, आणि तिचा चेहरा पुन्हा उजळला.

मी डबा तिच्या मांडीवर ठेवला.

"बाई गं, आता तुझं कुठे काही अडायचं नाही," मी तिला म्हटलं. "आत काय चाललंय हे ज्याला कळत नाही, त्यालाच दारावर बसवतात, आणि वर्षागणिक त्याचं दार मोठं होत जातं. उद्या तू असल्याच एखाद्या मोठ्या दारावर बसशील. आम्ही शहाणी माणसं रांग लावून तुला नमस्कार करू. आणि कुणी विचारलं, की हिला इथे बसवली कुणी, तर मत द्यायला वर केलेले हात हळूच खिशात घालू."