साहेबांचा हात आणि मधलीचा दात

"उद्या सकाळी मी मुलाखतीला जाणार, दुपारी कामावर हजर होणार, आणि आमच्या साहेबांना याचा वाससुद्धा लागणार नाही!" मधलीने जेवता जेवता जाहीर केलं. तेही चमचा तलवारीसारखा उपसून!

"तू खोटं बोलायला लागलीस की तुझे कान लाल होतात," धाकटी म्हणाली.

"फोनवर कान दिसत नाहीत!"

तीन बहिणींतली मधली, म्हणून घरीदारी सगळे तिला मधलीच म्हणत. थोरली लग्न होऊन लांब गेलेली. घरात बाबा, मधली आणि धाकटी. मधली पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कंपनीत होती. हसू नका, मंडळी! काचेचा दिवा आत ठेवलेलं खोकं जिन्यावरून गडगडत खाली गेलं तरी दिव्याला ओरखडा येता कामा नये, अशी खोकी ती कागदावर रेखाटायची. कुठे घडी, कुठे खाच, कुठे पोकळी, सगळं तिच्या डोक्यातून निघायचं. रेखाटायची ती, आणि खाली नाव पडायचं साहेबांचं.

हे साहेब म्हणजे माणसाच्या आकाराचा भोंगा. कंपनीला खरा भोंगाही होता, पण तो निदान ठरलेल्या वेळी वाजायचा! बाबा रोज संध्याकाळी हवामान विचारावं तसं विचारत, "आज कसं काय?"

"गडगडाट. दुपारनंतर विजा."

मग बाबा तिच्या ताटात आणखी थोडं वाढत. पण हल्ली मधली झोपेतसुद्धा "सॉरी साहेब, सॉरी साहेब" म्हणायला लागली, तेव्हा धाकटीने दुसऱ्या कंपनीची जाहिरात शोधून काढली आणि बाबांनी मधलीची रेखाटनं एकेक इस्त्री केल्यासारखी सारखी करून फाइलमध्ये लावून दिली.

बेत अगदी सोपा होता. दातदुखी! सकाळी मधलीने फोन लावला.

"साहेब, दात फार दुखतोय हो. दुपारपर्यंत येते."

"कोणता दात?"

हे ठरलंच नव्हतं! "उजवा... वरचा. म्हणजे, आता खाली आलाय."

"दात दुखतोय की लिफ्ट?" साहेब कडाडले. "नेमका आज मी सकाळी बाहेर आहे! तुम्हीही नाही, मीही नाही, मग ऑफिस काय खुर्च्या चालवणार? फोटो पाठवा सुजलेल्या गालाचा! आत्ताच्या आत्ता!"

घरात धावपळ उडाली. धाकटीने कापसाचा बोळा मधलीच्या गालात कोंबला, मफलर डोक्यावरून हनुवटीखाली आवळून बांधला आणि फोन रोखला. "जरा रडवेली दिस ना!"

"जमट नाही गं."

"साहेबांचा चेहरा आठव."

लगेच डोळ्यांत पाणी तरळलं. फोटो झकास आला! पण ते पाणी खरंच आहे हे बाबांच्या लक्षात आलं. त्यांनी मफलरची गाठ हळूच सोडली. "जा बाळा," ते म्हणाले. "आज जाच तू."

मधली गेली. नवी कंपनी तिसऱ्या मजल्यावर होती. दाराशी बसलेल्या मुलीने फाइल घेतली, आत नेऊन ठेवली आणि समोरच्या बाकाकडे बोट दाखवलं. बाकावर आधीच कुणीतरी होतं. तोंडापुढे मासिक, तेही उलटं. मधली शेजारी टेकली, तिची नजर सहज खाली गेली, आणि तिथेच अडकली.

ते बूट तिच्या ओळखीचे होते! बोलणी खाताना मान खाली असते, त्यामुळे साहेबांच्या चेहऱ्यापेक्षा त्यांच्या बुटांशीच तिचा जास्त परिचय. डाव्या बुटाच्या टोकावर पोपटाच्या चोचीएवढा ओरखडा. तोच तो!

मधलीने पर्समधून हातरुमाल काढून अख्खा गालात कोंबला. त्याच क्षणी मासिक खाली आलं. साहेबच! आणि त्यांचा उजवा हात गळ्यात बांधलेल्या झोळीत!

"तुम्ही?" साहेब किंचाळले.

"हाहेब!" मधली म्हणाली. "डाटाचा डॉक्टर शोढट होटे!"

"मीही! म्हणजे, हाडाचा! जिन्यावरून पडलो. इथे हाडाचा डॉक्टर आहे म्हणे."

दोघांनी वर पाहिलं. डोक्यावर कंपनीचं नाव फळीएवढ्या अक्षरांत लिहिलेलं, खाली खोक्याचं चित्र. दोघांनीही ते पाहिलंच नाही असं दाखवलं.

"हाट फार डुखटो का?"

"तुमच्या दाताइतकाच," साहेब कोरडेपणाने म्हणाले. मग त्यांना एकाएकी खोकल्याची उबळ आली आणि मोडलेला हात झोळीतून निघून तोंडावर गेला! लक्षात येताच परत झोळीत. मधली भिंतीवरची पाल मोजू लागली. पाल एकच होती, तरी वेळ बराच गेला.

इतक्यात दाराशी बसलेली मुलगी आली. "मुलाखतीचे दोघे तुम्हीच ना? बाईंनी एकदमच आत बोलावलंय. काहीतरी घोळ झालाय म्हणे फाइलींचा."

आतल्या खोलीत टेबलही पुठ्ठ्याचं आणि स्टुलंही पुठ्ठ्याचीच. साहेब इतके जपून टेकले की अर्धे हवेतच होते! कंपनीच्या मालकीणबाईंनी दोन फाइली शेजारी शेजारी उघडल्या. डावीकडे दिव्याचं खोकं, उजवीकडे दिव्याचं खोकं. डावीकडे अंड्यांचा खण, उजवीकडे अंड्यांचा खण. तीच घडी, तीच खाच. एका फाइलीत खाली साहेबांचं नाव, दुसरीत मधलीचं.

म्हणजे साहेब नवी नोकरी मागायलाही तिचीच खोकी घेऊन आले होते!

"यातलं खरं कुणाचं?" मालकीणबाईंनी विचारलं.

मधलीला सगळं सांगायचं होतं. कितीतरी दिवसांचं साठलेलं होतं. पण गालात रुमाल, आणि समोर साहेब! रुमाल काढावा तर खोटं उघडं पडतं, न काढावा तर खरं बाहेर पडत नाही.

"टी माही खोकी आहेट," ती कशीबशी म्हणाली.

"कुणाची माशी?" मालकीणबाई गोंधळल्या.

मधलीच्या डोळ्यांतून टपकन पाणी पडलं. या वेळी कुणी फोटो काढत नव्हतं.

साहेबांनी ते पाहिलं. एरवी ते ओरडून आपल्या खोलीत निघून जात. ओरडण्याचं पुढे काय होतं ते बघायला कधी थांबत नसत. आज जायला जागाच नव्हती. ते खाली बघत राहिले, बहुधा स्वतःच्याच बुटांकडे. मग त्यांनी गळ्यातली झोळी काढली, तिची नीट घडी केली आणि टेबलावर ठेवली.

"रुमाल काढा तोंडातला," ते म्हणाले. आवाज इतका हळू की मधलीला वाटलं, दुसरंच कुणी बोललं. "माझाही हात मोडलेला नाही. मोठ्या साहेबांकडून सुटी मिळवायला झोळी बांधली होती." मग मालकीणबाईंकडे वळून, "खोकी यांची आहेत. सगळी. मी फक्त सही केली."

मधलीने रुमाल काढला.

"साहेब म्हणून कसे आहेत हे?" मालकीणबाईंनी तिलाच विचारलं. "यांच्यासमोरच सांगा."

"ओरडतात," मधली म्हणाली. "इतकं ओरडतात की माझा हात थरथरतो आणि रेघ वाकडी येते. मग वाकड्या रेघेबद्दल ओरडतात! माझ्या कामावर नाव यांचं लागतं. मला झोपेत यांचीच स्वप्नं पडतात, आणि ती चांगली नसतात." ती थांबली. "पण माल वेळेवर गेला नाही आणि मोठे साहेब खाली उतरले, तर पहिल्यांदा हेच पुढे उभे राहतात. आम्हाला मागे लोटतात. तेवढं एक आहे."

साहेबांनी मान वर केली नाही.

दोघं एकत्रच जिना उतरले. खाली आल्यावर साहेब म्हणाले, "मोठे साहेब रोज सकाळी दार लावून घेतात आणि मला सोलून काढतात. मग ते सगळं मी बाहेर आणून तुमच्यावर ओततो. ते मला कळत नव्हतं असं नाही."

"मग थांबायचं ना, साहेब!"

"हो. थांबायला हवं होतं." त्यांनी चष्मा पुसला. "दुपारी सावकाश या. दात... म्हणजे, जेवून या."

नोकरी मधलीला मिळाली. पगार बरा, हाताखाली दोघं जण, आणि खोक्याच्या तळाशी बारीक अक्षरांत तिचं स्वतःचं नाव! पहिलं खोकं घरी आलं तेव्हा बाबांनी ते उलटं करून टीव्हीवर ठेवलं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला तळ दाखवला.

जुन्या ऑफिसातले शेवटचे दिवस मात्र विचित्र गेले. साहेब हळू बोलायला लागले! सगळं ऑफिस घाबरून गेलं. साहेबांना मोठा आजार झालाय, अशी कुजबुज सुरू झाली. शिपायाने तर त्यांच्या टेबलावर फळं आणून ठेवली.

नव्या जागी मधली रुळली. आणि एक दिवस साहेबांचाच फोन आला. सवयीने ती खुर्चीतून ताडकन उभी राहिली, मग स्वतःशीच हसून बसली.

"मी दुसरीकडे अर्ज केलाय," साहेब म्हणाले. "या वेळी सगळी माझीच कामं दाखवलीत. थोडीच आहेत. चौकशीसाठी कुणाचं तरी नाव द्यायचं होतं, तर तुमचं दिलंय. चालेल ना?"

"चालेल की. काय सांगू त्यांना?"

"खरं असेल तेच सांगा," साहेब ठामपणे म्हणाले. मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. "फक्त... जरा कमी सांगा!"