दोनशे पंच्याऐंशीवा दिवस

वलगावात आमच्या शेजारी राहणारे भाऊराव चहा चालत चालत पितात. कप आमच्याकडून उचलतात आणि तो सापडतो त्यांच्या गोठ्यात. गेल्या नऊ महिन्यांत तर त्यांना बसलेलं कोणी पाहिलेलं नाही.

कारण चंद्री, त्यांची साधी गावरान गाय. अमरावतीच्या डॉक्टरांनी तिच्या पोटात एका नामी गीर गाईचा सात दिवसांचा गर्भ ठेवला. वासरू गीरचं, पोट चंद्रीचं आणि घोर भाऊरावांना!

रोज सकाळी ते आमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर हजर. मोबाईलमधल्या तारखांवर त्यांचा भरवसा नाही. "मास्तर, आज कितवा?" मी आकडा सांगितला की ते बोटांवर पुन्हा मोजत. मी तीस वर्षं गणित शिकवलं, याचं त्यांना काही नाही. "जीव खालीवर होऊन राह्यला, बावा," हे पालुपद. एकदा तिच्यासाठी सरकीची ढेप आणायला अमरावतीला निघाले आणि अर्ध्या वाटेतून परत. का, तर म्हणे, "तिनं शेपटी उचलल्यासारखी वाटली." वाटली! पाच किलोमीटरवरून!

त्यांच्या मोजणीचा दोनशे पंच्याऐंशीवा दिवस उजाडला, तरी चंद्री निवांत कडबा खात होती. डॉक्टर आले, कॅलेंडर पाहिलं आणि त्यांनी कपाळाला हात लावला. आम्ही गर्भ ठेवल्या दिवसापासून मोजत होतो. त्याचं आधीचं सात दिवसांचं वय धरलंच नव्हतं. गणिताच्या मास्तरला तोंड लपवायला जागा उरली नाही.

"आठवडा वर गेलाय. वासरू मोठं आहे, आणखी वाढलं तर अडेल," म्हणत डॉक्टरांनी कळा येण्याचं इंजेक्शन दिलं. "उद्यापर्यंत व्यायला हवी. लांब जाऊ नका." लांब कोण जातंय!

दुसऱ्या दिवशी दुपारी पाय दिसले, पण डोकं येईना. डॉक्टरांनी वासराच्या पायांना दोर बांधले. कळ आली की ओढायचं, थांबली की थांबायचं. भाऊराव कळ नसतानाही ओढू लागले, तेव्हा डॉक्टरांनी त्यांना गोठ्याबाहेर काढलं. बाहेरून ते ओरडत होते, "वासरू जाऊ द्या डॉक्टर, माही चंद्री वाचवा!"

दोघीही वाचल्या. चांगली थोराड कालवड झाली. पण चंद्रीनं तिच्याकडून मान फिरवली आणि आत आलेल्या भाऊरावांचा चेहरा उतरला. तिनं चाटावं म्हणून डॉक्टरांनी कालवडीच्या पाठीला मीठ चोळलं, तिला चंद्रीच्या तोंडाशी सरकवलं आणि पोटातली वार बाहेर पडायची वाट पाहत हात धुवायला गेले. चंद्रीनं हुंगलं, एकदा जीभ फिरवली, मग ती थांबेचना.

भाऊराव मटकन खाली बसले. "आमची रेखा पोटची नोहे, मास्तर. आश्रमातून आणली. कुसुमनं बी पयले दोन दिवस हात नाही लावला. तिसऱ्या दिवशी पदराखाली घेतली, त मंग मले बी देये ना."

कुसुमवहिनी जाऊन चार वर्षं झाली. रेखा अकोल्याला नोकरीला. बारा वर्षांचा शेजार, आणि मला यातलं काही ठाऊक नव्हतं.

"तिले हे औंदा सांगतलं. तवापासून फोन नाही तिचा."

मला फार वाईट वाटलं. भाऊरावांनी खिशातून फोन काढून स्पीकरवर लावला. "रेखे, चंद्री व्याली. आयक," एवढंच म्हणून तो चाटणाऱ्या जिभेजवळ धरला. मग रेखा म्हणाली, "बाबा, वार पडली का?"

"नाही पडली वं अजून," भाऊरावांनी फोन तोंडाशी आणला. "तू ये."