आनंदरावांच्या मरणाचे सुधारित चित्रण

अड्याळचे झाडीपट्टी रंगभूमीवरचे नट आनंदराव वारले, तेव्हा त्यांच्यावर चित्रफीत काढण्याचा ठराव गावच्या स्मृती समितीने एकमताने मंजूर केला. ते जिवंत असताना समितीचे कशावरच एकमत होत नसे.

त्यांच्या मुलीची, रेणूची, मागणी एकच होती: चित्रफितीत बाबांचा आवाज हवा. तिच्या मोबाइलमध्ये मंडईच्या जत्रेतल्या नाटकाचा एक तुकडा होता. त्यात आनंदराव राजा होते. छातीत बाण घेऊन ते टांगलेल्या माइकखाली आले, लांबलचक स्वगत म्हणून मेले आणि लोकांनी वन्समोर दिला म्हणून उठून पुन्हा मेले.

चित्रीकरणासाठी नागपूरहून आणलेल्या सल्लागारांनी तो पाहिला. "मरताना माणूस इतकं बोलत नाही. कॅमेरा जवळ असतो, त्याला ओरडून सांगावं लागत नाही."

"मंग मांगच्या मान्साले कसं समजन जी, राजा मेला म्हून?" रेणू म्हणाली.

"प्रत्यक्षात ते कसे गेले?"

रेणूने सांगितले. दवाखान्यात. त्यांनी खिडकीकडे पाहिले, मग तिच्याकडे. ओठ हलले, आवाज निघाला नाही. पाणी हवे असेल म्हणून ती गडव्याकडे वळली, तेवढ्यात संपले.

"अप्रतिम!" सल्लागार म्हणाले. "उशिरा का होईना, माध्यम समजलं त्यांना."

तेच दृश्य चित्रित करायचे ठरले. उंची जुळते म्हणून समितीचे अध्यक्ष विनोदभाऊ खाटेवर निजले. रेणूला रेणूचेच काम मिळाले. बाबांचा आवाज शेवटी ठेवणार, या अटीवर ती खाटेशेजारी बसली.

"अध्यक्ष, तुमचा श्वास दिसतो आहे."

"मंग काय खरंच मरू का जी?"

ही सूचना समितीने विचारार्थ ठेवून घेतली.

पुन्हा कॅमेरा सुरू झाला. विनोदभाऊंनी ओठ हलवले. रेणू गडव्याकडे वळली आणि तिच्या तोंडून असा हंबरडा फुटला की, शेजारची बेबीबाई हातातले सूप घेऊनच धावत आली.

"काय झालं वो पोरी? आता कोन गेलं?"

"तेच गेले, आत्याबाई."

"कट!" सल्लागार म्हणाले. "ताई, हे नाटकी होतंय. दुःख आत ठेवा. डोळ्यांपर्यंत येऊ द्या, बाहेर पडू देऊ नका."

रेणूने आत ठेवले. पाहुण्यांना चहा देताना, दवाखान्यातले कपडे धुताना तिला त्याचा बराच सराव झाला होता.

"आता खरं वाटतंय," सल्लागार म्हणाले.

त्यांनी शब्द पाळला. चित्रफितीच्या शेवटी आनंदरावांचे स्वगत आहे, एक अक्षरही न कापता. पवनीपासून पुण्यापर्यंत ती मोबाइलवरून घरोघरी पोचली. तुम्हीही पाहिली असेल, बँकेत नंबर येईपर्यंत किंवा जेवता जेवता, आणि खाली जोडलेले हात टाकले असतील. समिती आपली आभारी आहे. आजूबाजूला माणसे होती, म्हणून आवाज तेवढा तुम्ही बंद ठेवला होता.